जीवन समर्पण केलं, म्हणजे नक्की काय केलं?

हिशेबनीस | २ जानेवारी, रात्री १०:४०

सर्वांना सलाम, आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

३१ च्या रात्रीची उपासना संपवून घरी आलो तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय. पाळकसाहेबांनी शेवटी नेहमीप्रमाणे सांगितलं, "ज्यांना आज आपलं जीवन प्रभूला समर्पण करायचं आहे त्यांनी जागेवर उभं राहावं." मी उभा राहिलो. बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कारण गेल्या वर्षीही मी उभा होतो.

मोजलं तर ही पाचवी वेळ. पहिल्यांदा सोळाव्या वर्षी, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) आदल्या दिवशी. मग कॉलेजात असताना एका उज्जीवन (विश्वास जागवणाऱ्या) सभेत. मग बाबा गेले त्या वर्षी. दर वेळी डोळे भरून येतात, त्यात ढोंग नाही. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहतो. आमच्याकडे माल बाहेर गेला की चलन फाटतं. कुणाकडे गेला, किती नग, पोचल्याची सही. समर्पणाचं चलन कुठे आहे? माझ्याकडून गेलं काय? पगार माझ्याच खात्यात येतो, राग मलाच येतो, आणि रक्तदाबाची गोळीही मलाच घ्यावी लागते.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. तिसरी पिढी आमची. हा शब्द लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याचा नुसता आवाज ऐकू येतो.

तर दोन प्रश्न. समर्पण एकदाच होतं की पुन्हा पुन्हा? आणि झालं हे कळतं कसं? कृपया वचनं फेकू नका, वचनं मला पाठ आहेत. स्वतःचं काही असेल तर लिहा.

तर्ककर्कश | २ जानेवारी, रात्री ११:१५

पाच वेळा उभे राहिलात आणि काही बदललं नाही, तर प्रयोग फसला असं म्हणायला काय हरकत आहे?

मला विचाराल तर समर्पण म्हणजे जबाबदारी झटकायचं गोंडस नाव. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी "सगळं प्रभूच्या हाती सोपवलंय" म्हणत साखरेच्या गोळ्या बंद केल्या. पायाचा अंगठा गेला. आपल्याकडचं नळाचं पाणीही असंच देवाच्या हाती सोपवलेलं दिसतं, चार-पाच दिवसांनी एकदा दर्शन देतं.

लिली_आत्या | ३ जानेवारी, सकाळी ६:०५

हिशेबनीस दादा, वचनं फेकत नाही, पण एक आठवण करून देते. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशू एकाच रात्री तीनदा प्रार्थनेला गेला आणि मत्तय लिहितो की तिन्ही वेळा तेच बोलला. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे प्रत्यक्ष त्यालाही एका दमात उरकलं नाही, तर तुम्ही पाचदा उभे राहिलात त्यात लाज कसली? वधस्तंभ उचलून मागे येण्याची गोष्ट मत्तयात आहे, मार्कात आहे, पण लूकने त्यात एक शब्द जास्त ठेवला, "दररोज". तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्या एका शब्दात आहे.

तर्ककर्कश, तुमचा राग मला कळतो. मी ३४ वर्षं नर्स होते, असे अंगठे मी स्वतःच्या हाताने बांधलेत. पण गोळ्या बंद करणं हे समर्पण नव्हे. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देव झेलेल, असं येशूला सांगणारा कोण होता ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात वाचा. प्रभूने उडी मारली नाही.

आता रमाबाईंचं सांगते. सोलापूरहून पुण्याला निघालं आणि दौंड मागे पडलं की केडगाव येतं, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. माझी आई गाडीतूनच तिकडे बघून हात जोडायची, म्हणून मी लहानपणी पंडिता रमाबाई म्हणजे कुणी देवी समजत असे! बाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वॉन्टेजला झाला, २९ सप्टेंबर १८८३ ला. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. विचार करा, तोवर विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालेलं, नाव जगभर गेलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला या बाईने सगळं केव्हाच देऊन टाकलंय असंच वाटलं असतं. तिला आतून माहीत होतं की नाही दिलेलं.

आणि दिल्यावर त्या हात जोडून बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. हिब्रू-ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी केलं. १९२२ साली गेल्या, ते पुस्तक छापून पुरं झालं १९२४ ला. जबाबदारी झटकणारी बाई अशी नसते.

मागवाला | ३ जानेवारी, दुपारी १:२०

जेवायच्या सुट्टीत लिहितोय, चुकलं तर संभाळून घ्या. मी पूर्वभागातला, यंत्रमाग चालवतो, घरात तेलुगू, मराठी शाळेपुरती.

सदतिसाव्या स्तोत्रात आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपव असं आहे बघा. आमच्या पाळकांनी एकदा सांगितलं, मूळ हिब्रूत तिथं जो शब्द आहे त्याचा अर्थ लोळवणे. म्हणजे ओझं उचलून द्यायचं नाही, लोळवत न्यायचं. मला एकदम पटलं, कारण भरलेला बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मागाचा जड रूळ, आम्ही तसाच नेतो. उचलायला गेलात तर कंबर जाते. लोळवत लोळवत मागापर्यंत न्यायचा आणि मग दोघांनी मिळून चढवायचा.

पण बीम चढवला म्हणून माग आपोआप चालत नाही ओ. तार तुटते. दिवसातून कितीदा तुटते त्याला हिशेब नाही. तुटली की माग थांबवायचा, सांधायची, परत चालू. तार तुटली म्हणून कुणी बीम उतरवून परत पाठवत नाही. तुम्ही पाचदा उभारला म्हणजे पाचदा बीम नवा मागवला असं मला वाटलं. बीम जुनाच आहे की, तुम्ही फक्त तार सांधा.

माझं सांगतो. मी दारू सोडली असं साक्षीत (देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांगताना) सांगतात लोक, मी तसं नाही सांगत. दारू सोडायची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही. मी प्रभूला रस्ता दिला. कारखान्यातून घरी जायचा माझा रस्ता गुत्त्यावरून जात होता. तो सोडला. अकरा वर्षं झाली, अर्धा किलोमीटर लांबून जातो. पावसात पण. बायको म्हणती सायकलचे टायर लै झिजतात.

आता साहेब, एक विचारू का? चलन फाटलं नाही म्हणता, पण चलनावर मालाचं नाव काय लिहिलं होतं? "जीवन" म्हणून काही माल नसतो. मालक माल पाठव म्हणाला तर मी विचारतो कुठला. तुम्ही काय पाठवणार होता?

हिशेबनीस | ३ जानेवारी, रात्री ९:५०

मागवाला, तुमचा प्रश्न दुपारपासून पाच वेळा वाचला. उत्तर आहे. आज लिहीत नाही.

संध्याप्रार्थना | ५ जानेवारी, रात्री ८:३०

मी कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे उभं राहायला कुणी सांगत नाही, पण प्रश्न तोच आहे.

संत इग्नेशियस हा मुळात शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्यावर वाचायला संतचरित्रं मिळाली आणि माणूस फिरला. बरा झाल्यावर त्याने आपली तलवार मोन्सेरातच्या देवळात ठेवली. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याची समर्पणाची प्रार्थना जास्त महत्त्वाची वाटते, कारण तीत तो नुसतं "जीवन घे" म्हणत नाही. माझं स्वातंत्र्य घे, स्मृती घे, बुद्धी घे, सगळी इच्छा घे, अशी यादी करतो. एकदम हिशेबनीसांच्या चलनासारखी.

त्यात स्वातंत्र्याच्या पाठोपाठ लगेच स्मृती का, हे मला पुष्कळ वर्षं कळत नव्हतं. बुद्धी द्यायची, इच्छा द्यायची, हे समजतं. आठवणी देवाला कशाला हव्यात? मग सासरी एका लग्नात वीस वर्षांपूर्वीचा अपमान मी तारखेनिशी सांगितला, आहेर किती रुपयांचा होता त्यासकट. नवरा गार. त्या दिवशी कळलं.

सोन्नलगीकर | १४ जानेवारी, रात्री ११:००

मी ख्रिस्ती नाही. आज सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत दिवसभर होतो, पाय सुजलेत, झोप येत नाही म्हणून हा धागा वाचत बसलो. बोलू का?

'शरण' हा शब्द आमच्या घरचा आहे. बाराव्या शतकातल्या सगळ्या शिवभक्तांना आम्ही शरणच म्हणतो. आपले सिद्धराम, म्हणजे सिद्धेश्वर, आधी कसे होते तर अखंड काम करणारे. तळं खोदलं, देवळं बांधली, लिंगं स्थापली, हजारो माणसं हाताखाली. आमच्याकडे कथा अशी सांगतात की त्या काळचे मोठे शरण अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, आले आणि तळ्याच्या कामावरच्या लोकांना विचारलं, तुमचा तो वड्डर कुठाय? सिद्धरामांना वड्डर, दगड फोडणारा म्हणाले! लोक चिडून दगड घेऊन धावले. सिद्धरामही तापले. मग वाद झाला आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की तळं देवासाठी खोदलं खरं, पण "मी खोदलं" हे काही सुटलेलं नाही.

तुमच्या धर्मात याला काय म्हणतात मला माहीत नाही. पण वाईट सवय देवाला देणं सोपं, चांगलं काम देणं अवघड, एवढं गड्ड्याच्या (यात्रेच्या जत्रेच्या) गर्दीत चालताना आज वाटलं.

लिली_आत्या | १५ जानेवारी, सकाळी ५:५०

सोन्नलगीकर, बोलू का म्हणून काय विचारता, घरचेच आहात. आम्ही याला 'कृपा' म्हणतो. कर्मांनी नव्हे, कृपेने. फरक आहे, तो पुसत नाही. आमच्यासाठी सगळं येऊन थांबतं ते ख्रिस्ताच्या वधस्तंभापाशी. पण तुमचं शेवटचं वाक्य मी डायरीत उतरवून घेतलं. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आले असं स्वतःच म्हणत, तेव्हा आपल्या मातीतले शब्द आम्हाला परके नाहीत.

माझं माहेर मेथडिस्ट पंथाचं. तिथे नव्या वर्षात कराराची उपासना असते, जॉन वेस्लीने १७५५ मध्ये सुरू केलेली. तीत एक ओळ अशा अर्थाची आहे की प्रभू, मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. तरुणपणी "कामाला लाव" हे मी मोठ्याने म्हणायची. निवृत्त झाल्यावर दुसरा अर्धा भाग म्हणताना घसा कोरडा पडला. पहिले सहा महिने मी रोज सकाळी उगाच गणवेशाच्या कपाटापाशी जाऊन उभी राहत असे.

व्यवस्थापक | १५ जानेवारी, दुपारी १२:१०

धर्मांतरावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी इथे वेगळे धागे आहेत, तिथे काय ते भांडा.

पीठगिरणी | १९ जानेवारी, रात्री १२:३५

इतके दिवस नुसती वाचत होते.

तुम्ही सगळे छान लिहिताय, पण हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. लग्नानंतर सहा वर्षं मार खाल्ला. ज्यांच्याकडे सांगायला गेले त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, ताई, तू पूर्ण समर्पण केलेलं नाहीस, म्हणून तुझ्या घरात शांती नाही. मी उपास केले. गुडघ्यांवर राहून रात्री काढल्या. समर्पण वाढवत गेले तसा मारही वाढत गेला.

शेवटी आई आली आणि मला घेऊन गेली. आता गिरणी चालवते, दोन मुलं शिकताहेत. रविवारी उपासनेला जाते, पण उभं राहा म्हटलं की मी बसून राहते. हे चूक आहे का?

मागवाला | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, बसून राहा. काही चूक नाही.

लिली_आत्या | १९ जानेवारी, सकाळी ७:४०

बाळ, चूक तुझी नाही. तुला ज्यांनी तसं सांगितलं त्यांनी देवाची जागा तुझ्या नवऱ्याला दिली. इफिसकरांस पत्रातलं "पत्नींनो, अधीन असा" एवढंच लोक वाचतात. त्याच्या आधीची ओळ, एकमेकांच्या अधीन असा, ती कुणी वाचत नाही. आणि नवऱ्याने कशी प्रीती करावी तर ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे चर्चवर, केली तशी, स्वतःला देऊन. तिथं समर्पण नवऱ्याने करायचंय गं.

दवाखान्यात अशा किती जणी पाहिल्या. "जिन्यावरून पडले" म्हणायच्या. इथे कुणी वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ वर फोन लागतो. फोन करणं हा विश्वासाचा अभाव नव्हे.

तर्ककर्कश | १९ जानेवारी, सकाळी १०:००

माझा मूळ आक्षेप हाच होता, फक्त मी तो अंगठ्यावरून मांडला. समर्पणाची भाषा नेहमी दुबळ्यालाच ऐकवली जाते. मालकाने, नवऱ्याने, स्टेजवरच्या माणसाने समर्पण केल्याचं ऐकिवात नाही. पीठगिरणी, तुम्हाला नमस्कार.

बाकी मी नास्तिकच आहे. पण सायकलचा टायर झिजवणारं समर्पण असेल तर त्याच्याशी माझं भांडण नाही.

हिशेबनीस | २७ जानेवारी, रात्री ११:२०

मालाचं नाव लिहितो.

एक डायरी आहे. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, माझ्याकडे. औषधं, डायपर, रात्रीची बाई, दोनदा आयसीयू. पहिल्या दिवसापासून लिहीत गेलो, सवयच आहे. बेरीज ३,८७,४६०. धाकटा भाऊ जुळे सोलापुरात राहतो, स्कूटरवर पंधरा मिनिटं. त्याने एक रुपया दिला नाही. शेवटच्या आठवड्यात आला आणि आईने त्याचाच हात धरून ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सहा वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललो नाही. पैसे नकोत मला. पण डायरी जपून ठेवलीय, की एक दिवस त्याच्यासमोर टाकेन. पाचही वेळा उभं राहिलो ना, गेल्या दोन वेळा उभं राहताना ही डायरी मला दिसत होती, आणि मी मनातल्या मनात तिच्यावर हात ठेवला होता. बाकी सगळं घे, म्हणत होतो.

सोन्नलगीकरांचं वाचलं तेव्हा उठून पाणी प्यालो. आईची सेवा हे मी आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम आहे. तेच देता येत नाही.

लिली_आत्या | २८ जानेवारी, सकाळी ६:१५

दादा, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत हिशेब कोण ठेवतो? थोरला. इतकी वर्षं चाकरी केली आणि मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस म्हणतो, म्हणजे करडांचा हिशेब त्याच्याकडे होता. बाप त्याच्यावर चिडत नाही हं. उठून बाहेर अंगणात येतो, त्याच्यासाठी. आणि थोरला आत गेला की नाही, ते प्रभूने सांगितलंच नाही.

डोंगरावरच्या प्रवचनातलं तर तुम्हाला पाठच असेल. अर्पण वेदीपाशी घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तिथं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. मला या वाक्याची नेहमी गंमत वाटते. अर्पण घेऊनही जा म्हणत नाही, टाकूनही दे म्हणत नाही. तिथेच ठेव म्हणतो.

तर्ककर्कश | २८ जानेवारी, सकाळी ९:३०

व्यवहाराचं बोलतो. आईच्या नावावर घर-जमीन काही असेल तर त्याचे कागद या भावनेत सही करून टाकू नका. राग सोडणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या फायली आहेत.

संध्याप्रार्थना | २८ जानेवारी, रात्री ९:००

याच्याशी सहमत. आणि डायरी जाळू वगैरे नका. जाळताना माणूस स्वतःकडे फार बघतो.

मागवाला | २८ जानेवारी, रात्री ९:४५

पंधरा मिनिटं म्हणजे लांब नाही ओ.

हिशेबनीस | ३ मार्च, रात्री १०:१०

महिन्याने लिहितोय. लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) सुरू झाल्यावर जाईन असं ठरवलं होतं, मग त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, गेला, आणखी एक रविवार गेला. काल संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर स्कूटर सरळ त्याच्याकडे घेतली. डायरी बरोबर होती. कशासाठी घेतली होती ते खरंच सांगता येणार नाही. द्यायला की दाखवायला, मला अजून माहीत नाही.

तो कामावरून आला नव्हता. भावजयीने दार उघडलं आणि दोन मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. नेमका पाण्याचा दिवस होता. मोटर बंद पडलेली, खाली नळाला पाणी चालू आणि पुतण्या एकटाच बादल्या वर नेत होता. मी पाहिला तेव्हा सात वर्षांचा होता, आता मिसरूड फुटायला आलंय. त्याने "काका" म्हटलं आणि एक बादली माझ्या हातात दिली. जसा काही मी रोज येतो. पॅन्ट दुमडली, दोघांनी मिळून दोन पिंपं आणि टाकी भरली. पहिला मजला, पण माझा दम गेला.

भाऊ आला तेव्हा मी जिन्यात होतो, भरलेली बादली घेऊन. तो खाली, मी वर. तो म्हणाला, "सांडतंय." मी म्हटलं, "मोटरचं बघ आधी." मग चहा झाला. भावजयीने कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढे ठेवली. आईचा विषय कुणी काढला नाही. निघताना तो खाली गेटपर्यंत आला.

एवढंच. रडारड नाही, मिठी नाही, साक्षीत सांगण्यासारखं काही नाही. माफ केलं का विचाराल तर परतताना सात रस्त्याच्या सिग्नलला पुन्हा राग आला होता.

मागवाला | ४ मार्च, दुपारी १:१५

तार तुटली, सांधली. चालू द्या. डायरीचं काय झालं?

हिशेबनीस | ४ मार्च, रात्री ९:०५

डिक्कीतच राहिली. आज पेट्रोल भरायला सीट उचललं तेव्हा दिसली.